विश्लेषण : अमेरिकेने वाचवलेले हरीण आता आजारी का पडते आहे?

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीचे वेध लागतात. ‘थँक्सगिव्हिंग’च्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने शिकार करण्याचा हंगाम असतो. आजोबांपासून नातवंडांपर्यंत अख्खी कुटुंबे त्यासाठी सुट्टी काढतात आणि मिळालेले मांस पुढे कित्येक महिने पुरवून खातात. मात्र गेल्या दोन दशकांत या परंपरेत एक नवे काम येऊन बसले आहे. मारलेल्या हरणाचे डोके कापायचे, पिशवीत बांधायचे, त्यावर माहितीची चिठ्ठी लावायची आणि वनविभागाने ठेवलेल्या पेटीत नेऊन टाकायचे. मांस फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि अहवालाची वाट पाहायची. साधारण दोन आठवड्यांनी उत्तर येते. ‘आढळला नाही’ असे आले तर मांस स्वयंपाकघरात, ‘आढळला’ असे आले तर कचऱ्यात.

हा शोध असतो ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ म्हणजेच सीडब्ल्यूडी या रोगाचा. हरीण झिजत झिजत मरते, म्हणून हे नाव. त्यावर औषध नाही, लस नाही आणि रोग झालेले एकही हरीण त्यातून वाचत नाही. अमेरिकेतल्या ३० हून अधिक राज्यांत तो पोहोचला आहे. विशेष म्हणजे ज्या हरणात तो आज सर्वाधिक चिंतेचा विषय आहे, ते पांढऱ्या शेपटीचे हरीण हे वन्यजीव संवर्धनाच्या सर्वांत मोठ्या यशांपैकी एक मानले जाते. मग हे यशच अडचणीचे कसे ठरले?

पांढऱ्या शेपटीचे हरीण म्हणजे नेमके कोणते?

मराठीत आपण सरसकट ‘हरीण’ म्हणतो, पण त्यात दोन वेगळी कुळे येतात. काळवीट, चिंकारा हे कुरंग कुळातले. त्यांची शिंगे पोकळ असतात आणि आयुष्यभर टिकतात. चितळ, सांबर, भेकर हे सारंग कुळातले. त्यांच्या नरांची शिंगे भरीव असतात, गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. पांढऱ्या शेपटीचे हरीण या दुसऱ्या कुळातले, म्हणजे आपल्या चितळाचे दूरचे भाऊबंद.

कॅनडाच्या दक्षिण भागापासून थेट दक्षिण अमेरिकेतल्या पेरू-बोलिव्हियापर्यंत त्याचा वावर आहे. उत्तरेकडच्या थंड भागातला पूर्ण वाढलेला नर १०० किलोंहून जड भरतो, तर फ्लोरिडाच्या बेटांवरचे ‘की डिअर’ जेमतेम मोठ्या कुत्र्याएवढे असते. धोका जाणवला की हे हरीण शेपटी उभी करून पळते आणि शेपटीखालची पांढरी बाजू झेंड्यासारखी दिसते. त्यावरूनच त्याचे नाव पडले.

अमेरिकेच्या बहुतांश भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याचा माजाचा हंगाम असतो. सुमारे २०० दिवसांच्या गर्भधारणेनंतर मे-जूनमध्ये पाडसे जन्मतात. चारा भरपूर असेल तर मादीला जुळी होणे नेहमीचेच. खाण्याच्या बाबतीतही हे हरीण चोखंदळ नाही. कोवळी पालवी, ओकची फळे, मका, सोयाबीन, बागेतली फुलझाडे, सगळे त्याला चालते. दाट जंगलापेक्षा जंगल आणि शेत जिथे भेटतात तो काठ त्याला अधिक मानवतो. अमेरिकेतल्या आधुनिक उपनगरांची रचना नेमकी अशीच आहे. थोडी झाडी, थोडी हिरवळ, बंदूक चालवायला बंदी आणि लांडगा नाही.

पाच लाखांवरून तीन कोटींवर कसे पोहोचले?

युरोपीय लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत ही हरणे कोट्यवधींच्या संख्येने होती, असा अंदाज आहे. एकोणिसाव्या शतकात मांस आणि कातड्याच्या बाजारासाठी त्यांची बेसुमार कत्तल झाली. त्याच काळात जंगलेही तोडली गेली. १९०० च्या सुमारास अमेरिकेत तीन ते पाच लाखच हरणे उरली असावीत, असे मानले जाते. अनेक राज्यांतून तर ती जवळपास नाहीशी झाली होती.

१९०० मध्ये ‘लेसी कायदा’ आला. बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात व्यापार करण्यावर त्याने बंदी घातली. पुढे १९३७ मध्ये ‘पिटमन-रॉबर्टसन’ कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवण्यात आला. शिकारीचे हंगाम ठरले, परवाने आले, माद्या मारण्यावर निर्बंध आले. जिथे हरणे उरली होती तिथून पकडून ती रिकाम्या जंगलांत सोडण्यात आली. थोडक्यात, शिकाऱ्यांच्या पैशावर हरणे परतली. आज अमेरिकेत या हरणांची संख्या सुमारे तीन कोटी असल्याचा अंदाज आहे.

पण परतली ती फक्त हरणे. लांडगा आणि प्यूमा हे त्यांचे मुख्य शत्रू पूर्वेकडच्या बहुतांश भागातून माणसाने आधीच संपवले होते. ते परतले नाहीत, किंबहुना लोकांना ते नकोच होते.

संख्या वाढली तर बिघडले कुठे?

सर्वांत आधी बिघडले ते जंगलात. हरणे जास्त झाली की जमिनीलगतची कोवळी रोपे उगवताच खाल्ली जातात. मोठी झाडे उभी दिसतात, पण त्यांची जागा घेणारी पुढची पिढीच नसते. ओक, हेमलॉक अशा वृक्षांची रोपे, ट्रिलियमसारखी रानफुले कमी होतात. झुडपांत घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा आसरा जातो. हरणांना न आवडणारे नेचे आणि परकी झुडपे मात्र फोफावतात.

वन्यजीवशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी विस्कॉन्सिनमध्ये १९४० च्या दशकातच याबद्दल इशारा दिला होता. कळप आटोक्यात ठेवायचा तर माद्यांचीही शिकार व्हायला हवी, असे त्यांचे म्हणणे होते. १९४३ मध्ये राज्याने तसा हंगाम काढला आणि लोकांचा प्रचंड रोष ओढवून घेतला. जे हरीण मोठ्या कष्टाने वाचवले त्याच्या माद्या मारायच्या, हे लोकांना पटणारे नव्हते.

दुसरा फटका रस्त्यावर. अमेरिकेत दरवर्षी हरणांशी वाहनांच्या दहा लाखांहून अधिक धडका होतात, असे विमा कंपन्यांचे अंदाज सांगतात. अशा अपघातांत माणसेही दगावतात. आणि तिसरा, सर्वांत उशिरा लक्षात आलेला फटका म्हणजे रोग. गर्दी असली की रोगाला वाट सोपी होते. हे माणसांच्या वस्तीत खरे आहे तसेच कळपातही.

सीडब्ल्यूडी पहिल्यांदा कुठे दिसला?

१९६७ मध्ये कोलोराडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स इथे एका संशोधन केंद्रात पाळलेली ‘म्यूल डिअर’ जातीची हरणे विचित्र वागू लागली. अंग झिजू लागले, लाळ गळू लागली, मान खाली घालून ती तिथेच घुटमळत राहत आणि शेवटी मरत. सुरुवातीला पोषणातली काही कमतरता असावी, असे वाटले. १९७८ मध्ये पशुवैद्यक एलिझाबेथ विल्यम्स यांनी मेलेल्या हरणांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मेंदूला स्पंजसारखी भोके पडली होती. मेंढ्यांमध्ये शतकानुशतके दिसणाऱ्या ‘स्क्रेपी’ या रोगाशी त्याचे साम्य होते.

१९८१ मध्ये कोलोराडोतल्याच जंगली एल्कमध्ये हा रोग सापडला. पुढे तो पांढऱ्या शेपटीच्या हरणांतही आढळला. कॅनडात तो पसरला. तिथून आयात केलेल्या एल्कमधून दक्षिण कोरियात पोहोचला. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या जंगली रेनडिअरमध्ये तो सापडला आणि युरोपातली ती पहिली नोंद ठरली. नंतर फिनलंड आणि स्वीडनमध्येही मूस जातीच्या प्राण्यांत तो दिसला. रोगाची नोंद झालेल्या देशांच्या यादीत भारत नाही.

हा रोग इतका चिवट का?

कारण त्याचे मूळ विषाणू नाही, जिवाणू नाही आणि बुरशीही नाही. ते आहे एक प्रथिन. ‘प्रायॉन’ नावाचे हे प्रथिन निरोगी शरीरातही असते. मात्र त्याची घडी चुकली की ते घातक बनते. प्रथिनाचे काम त्याच्या आकारावर, म्हणजे ते कसे दुमडले आहे यावर ठरते. चुकीच्या घडीचे प्रायॉन जवळच्या चांगल्या प्रायॉनलाही स्वतःसारखे दुमडायला लावते. एकाचे दोन, दोनाचे चार असे करत मेंदूत त्यांचे ढीग साचतात आणि मेंदूच्या पेशी मरू लागतात. केवळ प्रथिनातून रोग पसरू शकतो, ही कल्पना सुरुवातीला अनेकांना पटली नव्हती. ती मांडणारे स्टॅन्ली प्रुसिनर यांना १९९७ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

यातून तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण वेळेची. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सहसा दीड ते दोन वर्षे जातात. त्या काळात हरीण धडधाकट दिसते, कळपात वावरते आणि लाळ, मूत्र, विष्ठा यांतून रोग पसरवत राहते.

दुसरी अडचण मातीची. बाहेर पडलेले प्रायॉन जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. चिकणमातीच्या कणांना ते घट्ट चिकटतात. प्रयोगशाळेत गवतानेही ते मुळांवाटे शोषून पानांपर्यंत नेल्याचे दिसले आहे. म्हणजे आजारी हरीण मेले, गिधाडे-कोल्ह्यांनी खाल्ले, तरी जागा निर्धोक होत नाही.

तिसरी अडचण शुद्धीकरणाची. जिवाणू-विषाणूंना मारणाऱ्या नेहमीच्या उपायांचा प्रायॉनवर फारसा परिणाम होत नाही. मांस शिजवल्याने ते नष्ट होत नाहीत. बाधित हरणांचे अवशेष अतिउच्च तापमानाच्या भट्टीत जाळावे लागतात किंवा खास बांधलेल्या कचराभूमीत पुरावे लागतात.

जिवंत हरणांची मोठ्या प्रमाणावर सोपी तपासणी करण्याची सोयही नाही. मेलेल्या हरणाच्या घशामागच्या लसिका ग्रंथी किंवा मेंदूच्या देठाचा तुकडा काढून पाहावा लागतो. पेटीत टाकलेल्या डोक्याचे प्रयोजन हेच.

रोग रोखायला काय केले गेले?

२००१ च्या हंगामात विस्कॉन्सिनमध्ये माउंट होरेब गावाजवळ मारलेल्या हरणांचे नमुने तपासण्यात आले. फेब्रुवारी २००२ मध्ये अहवाल आला, तेव्हा तीन हरणे बाधित निघाली. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला या रोगाची ही पहिलीच नोंद होती. राज्याने तातडीने कठोर पाऊल उचलले. बाधित टापूतली हरणे शक्य तितकी संपवायची, असे ठरले. शिकारीचा हंगाम वाढवला गेला, नेमबाजही नेमले गेले.

पण बहुतेक जमीन खासगी मालकीची होती. अनेक जमीनमालकांनी नेमबाजांना आत येऊ दिले नाही. मारायचे आणि फेकून द्यायचे, हे शिकाऱ्यांनाही रुचले नाही. काही वर्षांतच निर्मूलनाचे उद्दिष्ट गुंडाळावे लागले. आज राज्याच्या नैर्ऋत्य भागात काही ठिकाणी प्रौढ नरांपैकी एक तृतीयांशाहून अधिक बाधित निघतात. नर जास्त भटकतात, माजाच्या काळात अनेक माद्यांच्या संपर्कात येतात. त्यामुळे त्यांच्यात लागणीचे प्रमाण माद्यांपेक्षा अधिक असते.

शेजारच्या इलिनॉय राज्याने दुसरा मार्ग धरला. रोग सापडलेल्या छोट्या छोट्या भागांत दरवर्षी हंगाम संपल्यावर सरकारी नेमबाज पाठवून ठरावीक हरणे मारायची, हा क्रम त्यांनी नेटाने चालवला. तिथेही रोग संपला नाही. पण बाधितांचे प्रमाण वर्षानुवर्षे विस्कॉन्सिनपेक्षा खूपच कमी राहिले. न्यूयॉर्क राज्यात २००५ मध्ये रोग सापडताच झपाट्याने कारवाई झाली. त्यानंतर तिथल्या जंगली हरणांत तो वर्षानुवर्षे पुन्हा दिसला नाही. नॉर्वेने तर नॉर्डफ्येला भागातला दोन हजारांहून अधिक रेनडिअरचा कळपच संपवला. वेळीच पकडला तर रोग आटोक्यात ठेवता येतो, रुजल्यावर मात्र फक्त त्याचा वेग कमी करता येतो, हा या सगळ्याचा अर्थ.

रोग माणसाच्या मदतीनेही फिरतो. शिंगांच्या हौसेपोटी हरणे पाळणाऱ्या फार्मवरून जनावरांची ने-आण होते. शिकारी शेकडो मैलांवरून हरणाचे धड गाडीत घालून आणतात आणि उरलेली हाडे जंगलाच्या कडेला टाकतात. नराला भुलवण्यासाठी वापरले जाणारे हरणाचे मूत्र बाटलीत मिळते. मक्याचे ढीग टाकून हरणे जमवली जातात आणि एकाच ढिगात अनेकांची लाळ मिसळते. म्हणून अनेक राज्यांनी यांपैकी काही गोष्टींवर बंदी किंवा निर्बंध आणले आहेत.

हरणे खरोखर कमी होतील का?

वायोमिंगमध्ये झालेल्या एका दीर्घ अभ्यासाने हा प्रश्न गांभीर्याने पुढे आणला. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांना रेडिओ कॉलर लावून त्यांचा माग ठेवण्यात आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बाधित हरीण वर्षभरात मरण्याची शक्यता निरोगी हरणाच्या साडेचार पट होती आणि तो कळप दरवर्षी सुमारे १० टक्क्यांनी घटत होता. रोग कळप एका झटक्यात संपवत नाही. तो त्याला आतून पोखरतो. मोठे, वयस्क नर कमी होत जातात आणि कळप तरुण राहतो. काही हरणांच्या जनुकांत असा फरक असतो की त्यांच्यात रोग सावकाश वाढतो. पण सावकाश मरणारे हरीण जास्त काळ रोग पसरवते, हीही त्याची दुसरी बाजू.

माणसाला धोका आहे का?

आजवर माणसाला सीडब्ल्यूडी झाल्याची एकही सिद्ध नोंद नाही, असे अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था सीडीसी सांगते. प्रयोगशाळेत स्क्विरल माकडांना या रोगाची लागण करता आली. पण माणसाला अधिक जवळच्या मकाक माकडांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानवी पेशींपासून वाढवलेल्या इवल्याशा मेंदू-ऊतींवर हे प्रायॉन सोडले गेले, तेव्हा लागण झाली नाही. म्हणजे हरीण आणि माणूस यांच्यात मोठी भिंत आहे, असे दिसते.

तरीही शास्त्रज्ञ निर्धास्त नाहीत. त्याचे कारण ब्रिटनचा अनुभव. तिथे १९८६ मध्ये गायींमध्ये ‘मॅड काउ’ हा प्रायॉनचाच रोग ओळखला गेला. गोमांस सुरक्षित असल्याचे लोकांना सांगितले जात राहिले. मग १९९६ मध्ये सरकारला माणसातल्या नव्या आजाराशी त्याचा संबंध असल्याचे मान्य करावे लागले. ब्रिटनमध्ये त्या आजाराने १७० हून अधिक लोकांचा बळी घेतला. प्रायॉनचे आजार उघड व्हायला वर्षे, कधी दशके लागतात. त्यामुळे आज रुग्ण नाही याचा अर्थ उद्याही नसेल, असा काढता येत नाही.

म्हणून सीडीसीचा सल्ला साधा आहे. आजारी दिसणाऱ्या हरणाची शिकार करू नका. मेलेल्या हरणाला हात लावू नका. मांस कापताना हातमोजे घाला, मेंदू आणि मज्जारज्जूला हात लावणे टाळा. बाधित भागातल्या हरणाची तपासणी करून घेण्याचा गांभीर्याने विचार करा आणि रोग आढळला तर ते मांस खाऊ नका.

या हरणांना आणखी कोणते आजार होतात?

सीडब्ल्यूडी सावकाश मारतो, तर ‘एपिझूटिक हेमोरेजिक डिसीज’ म्हणजे ईएचडी काही दिवसांतच. १९५५ मध्ये न्यू जर्सीत तो प्रथम ओळखला गेला. हा विषाणूजन्य आजार क्युलिकॉइडिस जातीची चावणारी बारीक चिलटे पसरवतात. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणवठे आटून चिखल उरला की चिलटे माजतात. हरणाला कडक ताप येतो, शरीरात रक्तस्राव होतो. तापाने कासावीस झालेली हरणे पाण्याकडे धाव घेतात आणि काठावरच मरून पडलेली सापडतात. पहिले कडक हिमतुषार पडून चिलटे मेली की साथ थांबते. २००७ आणि २०१२ मध्ये याच्या मोठ्या साथी आल्या होत्या. हा आजार माणसाला होत नाही. आपल्याकडच्या मेंढपाळांना माहीत असलेला ‘ब्लूटंग’ म्हणजे निळ्या जिभेचा आजार याच विषाणू-कुटुंबातला आणि तोही अशाच चिलटांमुळे पसरणारा.

मिशिगनच्या ईशान्य भागात १९९० च्या दशकापासून हरणांमध्ये गोवंशीय क्षयरोग ठाण मांडून आहे. तो हरणांकडून गायींच्या गोठ्यांत जातो. मक्याचे आणि बीटचे ढीग टाकून हरणे एकत्र जमवल्याने तो टिकून राहिला, असे तज्ज्ञांचे मत आहे.

याउलट मेंदूभोवतीच्या आवरणात राहणारा एक जंत या हरणाला फारसा त्रासच देत नाही. गोगलगायींमार्फत तो मूसच्या पोटात गेला की मात्र मूस लंगडतो, गोल गोल फिरतो आणि मरतो. हरणे उत्तरेकडे सरकतात तिथे मूस अडचणीत येतात, याचे हे एक कारण.

करोनाकाळातही हे हरीण चर्चेत होते. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२१ मध्ये मिशिगन, इलिनॉय, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियातल्या हरणांचे रक्त तपासले. त्या वर्षीच्या ४० टक्के नमुन्यांत करोना विषाणूविरोधी प्रतिपिंडे सापडली. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले सुरेश कुचिपुडी आणि विवेक कपूर यांच्या गटाने आयोवातल्या हरणांच्या लसिका ग्रंथी तपासल्या. सुमारे एक तृतीयांश नमुन्यांत थेट विषाणूचे अंश मिळाले. हे नमुने मुळात सीडब्ल्यूडीच्या तपासणीसाठी गोळा केलेले होते. एका रोगासाठी उभारलेली यंत्रणा दुसऱ्या रोगाचा माग काढायला कामी आली.

लाइम रोग हरणांमुळे होतो का?

थेट नाही. १९७० च्या दशकात कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावाच्या परिसरात अनेक मुलांचे सांधे अचानक सुजू लागले, त्यावरून या रोगाला नाव मिळाले. त्याचा जिवाणू शास्त्रज्ञ विली बर्गडोर्फर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधला. हा जिवाणू प्रामुख्याने पांढऱ्या पायांच्या उंदरासारख्या लहान प्राण्यांत असतो. काळ्या पायांच्या गोचिडीची पिल्ले उंदराचे रक्त पिताना तो उचलतात आणि पुढे माणसाला चावून देतात. हरणाच्या शरीरात हा जिवाणू तग धरत नाही.

मग हरणाचा संबंध काय? मोठी झालेली गोचीड शेवटचे जेवण आणि मीलन हरणाच्या अंगावर करते. त्यानंतर मादी गोचीड जमिनीवर पडून हजारो अंडी घालते. म्हणजे हरीण रोग देत नाही, गोचिडींची पैदास मात्र सांभाळते. मेन राज्यातल्या मॉनहेगन बेटावरून १९९० च्या दशकात सर्व हरणे हटवल्यावर तिथल्या गोचिडी झपाट्याने घटल्या. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमचे निदान होऊन उपचार होतात, असा सीडीसीचा अंदाज आहे.

वाघ-लांडगे असते तर?

कोलोराडोतल्या एका अभ्यासात प्यूमाने मारलेल्या म्यूल डिअरमध्ये बाधित हरणांचे प्रमाण शिकाऱ्यांनी मारलेल्या हरणांपेक्षा जास्त आढळले. हरीण जरासे सुस्त झाले, सावधपणा कमी झाला की शिकारी प्राण्याला ते आधी कळते. माणसाला ते लक्षणे स्पष्ट झाल्यावर दिसते. ताडोबात एखादे चितळ मागे पडू लागले तर वाघ, बिबट्या किंवा रानकुत्री त्याला फार दिवस जगू देत नाहीत. शिकारी प्राणी रोग संपवतील, असा दावा कोणी करत नाही. पण आजारी जनावर कळपात दोन वर्षे फिरत राहण्याची सोय ते कमी करतात.

आपले चितळही या गोष्टीत एका बाजूने येते. १९३२ मध्ये ते शिकारीसाठी टेक्सासमध्ये नेण्यात आले. आज तिथे त्याचे मोठे मोकाट कळप आहेत. चितळ पाल्यासोबत गवतावरही उत्तम जगते, त्यामुळे चाऱ्याच्या टंचाईत ते तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणावर भारी पडते. भारतात ज्याच्यावर वाघ जगतो, त्याला टेक्सासच्या कुरणात रोखणारे फारसे कोणी नाही.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी काय लक्षात ठेवावे?

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, मेरीलँड या राज्यांत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या परसातच ही हरणे येतात. मुले कौतुकाने गाजर, पोळी पुढे करतात. ते टाळलेले बरे. एका जागी खाणे मिळाले की हरणे गर्दी करतात, रोग आणि गोचिडी दोन्ही वाढतात. अनेक ठिकाणी हरणांना खाऊ घालणे बेकायदाही आहे.

उंच गवतातून, झाडीतून आल्यावर मुलांच्या काखा, कानामागे, केसांत आणि गुडघ्यांमागे गोचीड आहे का ते पाहावे. गोचीड चिकटली असेल तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. चावल्यानंतर काही दिवसांनी गोलाकार पसरणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना गाठावे. लाइमवर वेळीच प्रतिजैविके घेतली तर तो सहसा बरा होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात संध्याकाळी आणि पहाटे गाडीचा वेग कमी ठेवावा. एक हरीण रस्ता ओलांडून गेले की मागून दुसरे येतच असते. आणि शेजाऱ्याने प्रेमाने हरणाचे मांस दिले तर ते कोणत्या भागातले आहे आणि तपासले आहे का, हे विचारण्यात काही गैर नाही. तिथल्या शिकारी कुटुंबांतही आता हा प्रश्न सर्रास विचारला जातो.

पुढे काय?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीवर बंदी आहे. त्यामुळे ‘शिकार हाच उपाय’ हे वाक्य आपल्या कानाला खटकते. अमेरिकेत मात्र शिकारी दरवर्षी सुमारे ६० लाख हरणे मारतात. कळप आटोक्यात ठेवण्याचे याहून मोठे साधन तिथल्या राज्यांकडे नाही. रोगाचे बहुतेक नमुनेही शिकाऱ्यांकडूनच येतात. परवान्याच्या आणि काडतुसांवरच्या कराच्या पैशातून वन्यजीव खात्यांचा गाडा चालतो. अनेक राज्यांत शिकारी जादाचे मांस गरजूंसाठीच्या अन्नपेढ्यांना देतात.

खरी अडचण इथे आहे. शिकाऱ्यांची जुनी पिढी थकत चालली आहे. मांस खाण्याचीच भीती वाटू लागली तर नवी पिढी बंदूक उचलणार नाही. शिकार कमी झाली तर हरणे वाढतील, नमुने कमी येतील आणि रोग कुठवर गेला हे कळायलाही उशीर होईल. ज्या शिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी हरीण जवळपास संपवले आणि नंतर त्याच्याच पैशाने ते परत आले, त्याच्यावरच आता ते निरोगी ठेवण्याची भिस्त आहे.

विस्कॉन्सिनमधल्या त्या पेटीत डोके टाकणारा माणूस आपल्या घरच्यांच्या ताटाची काळजी करत असतो. पण त्याच पेटीतून हरणांच्या तब्येतीची नोंद होत असते. ती पेटी भरत राहणे, हे सध्या तरी रोगाविरुद्धचे सर्वांत भरवशाचे साधन आहे.